जाळीदार पंखांचे भुंगेरे: रंग सोडा, कंगोरे मोजा

प्रश्न थोडक्यात असा होता: ठाण्यात येऊरच्या वाटेवर, पाऊस सुरू झाल्यावर, पानावर बसलेला एक चपटा भुंगेरा दिसला. अंग नारिंगी, मागचं टोक काळं, पाठीवर जाळी विणल्यासारखी नक्षी. बरोबरच्या एकाने त्याला काजवा ठरवलं, दुसऱ्याने हिंगा, आणि मोबाइलच्या ॲपने एकाच भुंगेऱ्याच्या तीन फोटोंना तीन नावं दिली. हा नेमका कोण, याच्या गटाची विभागणी कशी आहे आणि ओळखायला अंगाचा कोणता भाग बघायचा?

कुल लायसिडी, याबद्दल शंका नाही. ॲपने दिलेल्या तीन नावांपैकी कोणतं बरोबर, हे मात्र त्या फोटोंवरून सांगता येणार नाही. तिन्ही फोटोंत रंग सुरेख आलाय आणि मानेमागची ढाल धूसर आहे. या कुलात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो रंग, आणि ओळखीसाठी सगळ्यात कमी भरवशाचाही तोच. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं सोपं होतं.

आधी नावाचा गोंधळ मिटवतो. लायसिडी म्हणजे जाळीदार पंखांचे भुंगेरे. लायसिनिडी म्हणजे निळी फुलपाखरं, लायकोसिडी म्हणजे लांडगा कोळी. शोध घेताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की भलताच प्राणी समोर येतो. डिक्टिऑप्टेरा हे नावही असंच फसवतं. लायसिडीतल्या एका प्रजातीचं (इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जात म्हणजे स्पीशीज) ते नाव आहेच, शिवाय झुरळं आणि खंडोबाचा किडा यांच्या मोठ्या गटालाही तेच नाव आहे.

कुलाचा आवाका मोठा आहे. जगभरात साडेचार हजारांच्या आसपास जातींची नोंद झालीय, त्यातल्या बहुतेक उष्ण, दमट जंगलांतल्या. प्रौढ भुंगेऱ्याची लांबी सहसा 5 ते 20 मिलिमीटर. काजवे, सोल्जर बीटल आणि पाठीवर पडला की टक्‌ करून उडी मारणारे क्लिक बीटल हे सगळे त्याचे भाऊबंद. एलॅटेरॉयडिया या अधिकुलात ते एकत्र आहेत. जुन्या पुस्तकांत मऊ अंगाच्या भुंगेऱ्यांचं कँथॅरॉयडिया असं वेगळं अधिकुल दिसेल. 1988 मध्ये लॉरेन्स यांनी ते एलॅटेरॉयडियात विलीन केलं. नंतर डीएनएच्या अभ्यासातून कळलं की या वंशावळीत मऊ अंग एकदाच नाही तर वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे आलंय. म्हणजे अंग मऊ आहे एवढ्यावरून दोन भुंगेऱ्यांचं जवळचं नातं सिद्ध होत नाही.

आता अंगाकडे येऊ. हातात दहापट भिंग असेल तर पुढचं जवळजवळ सगळं दिसतं.

डोकं लहान, खाली झुकलेलं, वरून बघितलं तर प्रोनोटमच्या, म्हणजे डोक्यामागच्या ढालीच्या, कडेखाली अर्धवट लपलेलं. काही प्रजातींत डोळ्यांच्या पुढचा भाग लांबून चोचीसारखा होतो. ही चोच वरून दिसत नाही, बाजूनेच बघावी लागते, म्हणून फोटोत ती नेहमी सुटते. जबडे बारीक, वाकलेले, कमजोर. अनेक जातींचे प्रौढ फारसं खात नाहीत; जे खातात ते फुलांतल्या मधरसावर भागवतात. शृंगिका म्हणजे मिशा अकरा खंडांच्या. त्या गोल दोऱ्यासारख्या नसतात, तर चपट्या आणि बऱ्यापैकी रुंद असतात. प्रत्येक खंडाचं एक टोक बाहेर आलेलं असल्यामुळे करवतीच्या पात्यासारख्या दिसतात. काही जातींच्या नरांत ही टोकं वाढून फणीचे दात किंवा पंख्याच्या काड्या होतात, मादीत तीच आखूड राहतात. एकाच जातीचे नर-मादी दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवले जाण्यामागे बऱ्याचदा मिशांचा हा फरक असतो.

डोक्यामागची ढाल म्हणजे प्रोनोटम. या कुलातल्या अनेक प्रजाती इथेच सुटतात. ढालीवर उंच धारेचे कंगोरे असतात आणि ते ढालीचे कप्पे पाडतात. कप्प्यांची संख्या आणि मांडणी हा या गटाचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. लायसिडीतल्या मेट्रिओरिंकिनी या मोठ्या गटाची नेहमीची मांडणी म्हणजे सात कप्पे: मधोमध शंकरपाळीसारखा निमुळता एक, आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन. याच गटात काही ठिकाणी बाजूचे कंगोरे पुसट होत जातात आणि कप्पे पाचावर, कधी एकावर येतात. मोजताना चूक कुठे होते तर ढालीच्या बाहेरच्या, वर वळलेल्या काठालाच लोक कंगोरा समजतात आणि एक कप्पा जास्त मोजतात. दुसरं म्हणजे वाळलेल्या नमुन्यात मऊ ढाल दबते आणि सुरकुतीही कंगोऱ्यासारखी दिसते. त्यावर उपाय सोपा आहे. खरा कंगोरा डाव्या-उजव्या अंगाला सारखा असतो, सुरकुती तशी नसते. दोन्ही बाजू जुळल्या तरच आकडा लिहा.

पुढचे पंख म्हणजे एलिट्रा. बाकी भुंगेऱ्यांत ते कवचासारखे टणक असतात; इथे चामड्याच्या पातळ पट्टीसारखे लवचीक. मागे टोकाकडे बहुधा रुंद होत जातात, त्यामुळे भुंगेरा वरून फावड्याच्या पात्यासारखा दिसतो. प्रत्येक पंखावर लांबीच्या दिशेने उभे कंगोरे, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. दोन्ही मिळून ती खिडकीच्या जाळीसारखी घरं तयार होतात. पातळ पत्र्याला पन्हळ पाडली की जसा ताठपणा येतो, तसंच हे काम आहे. पण कंगोऱ्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. ते सहज फुटतात आणि त्यांतून रक्तद्रव बाहेर येतो. भुंगेऱ्याला बोटांत जरा दाबलं की पंखाच्या कंगोऱ्यांवर थेंब फुटतात. त्यांना उग्र वास असतो, कच्च्या मटाराच्या सालीच्या किंवा ढोबळी मिरची चिरताना येणाऱ्या वासाच्या वळणाचा. ऑस्ट्रेलियातल्या मेट्रिओरिंकस या लायसिडी प्रजातीत 1981 मध्ये मिथॉक्सीपायराझिन नावाची संयुगं सापडली, वास त्यांचा. चवीचं काम लायसिडिक आम्लासारखी इतर द्रव्यं करतात. पक्षी किंवा सरडा एकदा तोंडात घेतो, थुंकतो, आणि पुढच्या वेळी तो रंग टाळतो.

कंगोरे मोजायची पद्धत नीट लक्षात ठेवा. दोन पंख मधे जिथे मिळतात ती शिवण धरायची नाही आणि बाहेरचा काठही धरायचा नाही. शिवणीकडून काठाकडे मोजत जा. मुख्य कंगोरे चार. काही प्रजातींत एवढेच चार असतात आणि दोन मुख्य कंगोऱ्यांमध्ये घरांची एकच रांग दिसते. दुसऱ्या काहींत प्रत्येक फटीत एक दुय्यम कंगोरा असतो. शिवण आणि पहिल्या कंगोऱ्याच्या मधे एक, मग तीन, आणि चौथ्या कंगोऱ्यापलीकडे एक, असे पाच दुय्यम. चार आणि पाच मिळून नऊ. अशा पंखावर दोन मुख्य कंगोऱ्यांमध्ये घरांच्या दोन रांगा दिसतात. दुय्यम कंगोरा बारीक असतो आणि वरच्या लवेत बुडालेला असतो. उजेड समोरून पाडला तर तो दिसतच नाही. बाजूने, खूप खालून पाडला तरच सावलीत उठून येतो. ट्रायकॅलस या प्रजातीच्या गटात पहिला मुख्य कंगोरा मागेपर्यंत जात नाही, मधेच संपतो. तिथे पंखाच्या मागच्या भागात मोजलं तर एक कमी भरतो. म्हणून मोजणी खांद्याजवळ एकदा आणि पंखाच्या मध्यावर एकदा, अशी दोनदा करा.

पोटाकडून बघायच्या गोष्टी कमी आहेत, पण कुल पक्कं करायला त्याच लागतात. मधल्या पायांची बुडं, म्हणजे कॉक्सा, एकमेकांपासून स्पष्ट दूर असतात. काजव्यांत आणि सोल्जर बीटलमध्ये ती एकमेकांना चिकटलेली असतात. पायाच्या टोकाचे टार्सस तिन्ही जोड्यांत पाच खंडांचे. उदराचे खालून दिसणारे खंड नरात आठ, मादीत सात. प्रकाश देणारा अवयव प्रौढात नाही.

म्हणून तुमच्या भुंगेऱ्याला काजवा म्हणणं चूक, पण ही चूक का होते ते समजण्यासारखं आहे. दोघंही मऊ, चपटे, झाडाझुडपांत मंद गतीने उडणारे. काजव्याचं डोकं मात्र वरून साधारण पूर्ण झाकलेलं असतं, ढालीवर कप्पे नसतात आणि पोटाच्या टोकाला फिकट पिवळसर पट्टे असतात. हिंगे, म्हणजे बाजरी-तुरीच्या फुलांवर येणारे ब्लिस्टर बीटल, तेही नारिंगी-काळे. त्यांची मान बारीक असते, डोकं पुढे मोकळं असतं, आणि मागच्या पायाचा टार्सस पाचाऐवजी चार खंडांचा असतो. हा फरक हाताळण्यासाठीही महत्त्वाचा आहे. हिंग्याच्या रक्तातल्या कँथॅरिडिनने कातडीवर फोड येतात, त्यामुळे कोण आहे ते कळेपर्यंत नारिंगी-काळा भुंगेरा उघड्या बोटांनी धरू नका. चिमटा वापरा, तोही मऊ, पिसासारख्या पात्याचा.

खरी फसवणूक करतात ते नकलाकार. लायसिडी चवीला वाईट, म्हणून त्यांच्या रंगाचा अंगरखा पांघरणारे पुष्कळ आहेत: काही लांबमिशे भुंगेरे, काही क्लिक बीटल, काही पतंगसुद्धा. अमेरिकेतल्या ॲरिझोनात एलिट्रोलेप्टस नावाचा लांबमिशा भुंगेरा लायकस या लायसिडी प्रजातीचा वेश तर घेतोच, वर त्याच लायकसना खातो. आयस्नर आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये ते नोंदवलं. लांबमिशा ओळखायला डोळा बघा. त्याचा डोळा मिशीच्या बुडाभोवती मूत्रपिंडासारखा वाकलेला असतो, जबडे मजबूत असतात आणि टार्सस चार खंडांचा वाटतो. पतंग असेल तर अंगावर खवले असतात, बोटाला भुकटी लागते.

पण याहून मोठी अडचण लायसिडींच्या आपापसातल्या सारखेपणाची. एका डोंगरावर राहणाऱ्या, लांबच्या नात्यातल्या तीन-चार प्रजाती अगदी एकच रंग वापरतात, कारण सगळेच बेचव असले की एकाच पाटीखाली उभं राहणं सगळ्यांच्या फायद्याचं. उलट एकच जात दुसऱ्या डोंगरावर तिथल्या टोळीचा रंग घेते. म्हणजे रंग सारखा असला तरी जात वेगळी असू शकते, आणि रंग वेगळा असला तरी जात एक असू शकते. ॲपची तीन नावं यातून येतात. ॲप मुख्यतः रंग आणि ढोबळ आकार जुळवतं, आणि नक्कल नेमकी त्याच दोन गोष्टींची झालेली असते.

हीच अडचण जुन्या वर्गीकरणालाही भोवली. लायकस हे नाव फॅब्रिशियसने 1787 मध्ये दिलं आणि पुढे बराच काळ जाळीदार दिसेल ते त्यात जात राहिलं. 1879 मध्ये चार्ल्स ओवेन वॉटरहाऊस यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या नमुन्यांवर सचित्र काम केलं; कॉटायरिस, झायलोबॅनससारखी आजही चालणारी नावं त्यांचीच. त्यानंतर फ्रान्सच्या मॉरिस पिक यांनी दोन-चार ओळींच्या वर्णनांवर ढीगभर नवी नावं दिली, त्यांत रंगाचाच भरणा. 1933 मध्ये क्लाइने यांनी सगळ्याची यादी केली. पिक यांची वर्णनं वाचून आपला नमुना जुळवायचा प्रयत्न करू नका, वेळ वाया जातो. मूळ नमुना किंवा त्याच्या जननांगाचं चित्र समोर असेल तरच त्या नावाला अर्थ येतो.

2008 मध्ये बोचाक आणि बोचाकोव्हा यांनी कुलाची सहा उपकुलांत मांडणी केली: लिब्नेटिनी, डिक्टिऑप्टेरिनी, लायरोपिनी, अटेलिनी, लायसिनी आणि डेक्सोरिनी. पुढे जनुकांचा जास्त मोठा संच हाताशी आल्यावर काही गट उपकुलाच्या पायरीवर चढले, मेट्रिओरिंकस आणि कॅलोक्रोमसचे गट त्यांत आहेत. म्हणून एकाच प्रजातीसमोर दोन पुस्तकांत दोन उपकुलं दिसली तर घाबरू नका, आधी प्रकाशनाचं साल बघा. प्रजातीची लक्षणं त्यामुळे बदलत नाहीत.

आपल्याकडे कामाला लागणाऱ्या प्रजातींपुरतं बोलू. लायकोस्टोमस: डोकं चोचीसारखं पुढे आलेलं, ढालीवर स्पष्ट कप्पे नाहीत, पंख मोठे, लाल-नारिंगी, जाळी बारीक. कॉटायरिस: ढालीवर सात कप्पे, पंखावर नऊ कंगोरे. झायलोबॅनस: ढालीवर तेच सात, पण पंखावर फक्त चार कंगोरे. या दोघांचे रंग इतके सारखे असतात की कंगोरे न मोजता त्यांना वेगळं करणं अशक्यच समजा. प्लॅटेरॉस: लहान चण, ढालीवर कप्पे जवळजवळ नाहीत, पंखावर नऊ कंगोरे, जाती भरमसाट आणि बाहेरून अगदी सारख्या. लिब्नेटिस: छोटा, बहुधा काळपट, जाळी पुसट.

आणि कॅलोक्रोमस. याचं वेगळं सांगायला हवं, कारण तो जाळीदार पंखांच्या कुलातला असून त्याच्या पंखावर जाळीच नाही. पुसट उभ्या रेघा, वर मखमली लव, ढाल सपाट, कप्प्यांशिवाय. दिवसा फुलांवर येतो. त्याला बघून लोक सोल्जर बीटल म्हणून पुढे जातात. इथे मधल्या पायांची दूर असलेली बुडंच कामी येतात.

‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या जुन्या मालिकेत लायसिडींवर खंड निघाला नाही. भारतातल्या लांबमिश्यांसाठी किंवा शेणकिड्यांसाठी त्या मालिकेतल्या किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारे तक्ते, हाताशी असतात, तशी या कुलाला नाही. त्यामुळे नवखा माणूस थायलंड-चीनच्या किल्ल्या वापरतो आणि त्यांत जे नाव शेवटी येतं ते चिकटवतो. प्रजातीपर्यंत त्या किल्ल्या चालतात. जातीसाठी वापरू नका. त्या किल्लीत आपली जात असेलच असं नाही, आणि किल्ली तर शेवटी काहीतरी नाव देतेच.

अळीबद्दल थोडं. ती कुजक्या लाकडात, सालीखाली, कधी पालापाचोळ्यात राहते. चपटी, काळपट, पाठीवर ताटल्या. तिचा प्रत्येक जबडा उभा चिरून दोन पात्यांचा झालेला असतो, आणि दोन बाजूंचे जबडे समोरासमोर मिटून चावू शकत नाहीत. म्हणून ती शिकारी नाही. कुजक्या लाकडातला सूक्ष्मजीवांनी भरलेला रस आणि श्लेष्मबुरशी यांवर ती जगते. काजव्याची अळीही चपटी आणि ताटल्यांची असते, पण ती गोगलगायी मारून खाते. अळी सापडली तर जबडा बघा. भिंगाखाली चिरलेली दोन पाती दिसली की लायसिडी.

काही वंशांत मादी कायम अळीसारखीच राहते, पंख येतच नाहीत. आग्नेय आशियातल्या प्लॅटेरोड्रिलसच्या माद्या कित्येक सेंटिमीटर लांब, ट्रायलोबाइट जीवाश्मासारख्या दिसणाऱ्या. त्यांचे नर मात्र सेंटिमीटरही न भरणारे, पंखवाले. बोर्निओत म्योबर्ग यांनी 1925 मध्ये या ‘अळ्या’ खरं तर वयात आलेल्या माद्या आहेत हे दाखवलं. त्याच उपकुलातला लायरोपियस दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आहे. मादीला उडता येत नसलं की वंश एका डोंगराला बांधला जातो आणि प्रत्येक डोंगराची जात वेगळी होत जाते. सह्याद्रीत या कुलाकडे बारकाईने बघायला हवं ते याचसाठी. एक डोंगर खणून काढला की एक अख्खी जात पुसली जाऊ शकते, आणि तिला नावही मिळालेलं नसतं.

आता काम कसं करायचं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून एकही किडा वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातला भुंगेराही राखलेला आहे. खारघर, पारसिकच्या डोंगरावर जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. परवानगी नसेल तर फोटो काढा, फोटोतून प्रजातीपर्यंत नक्की जाता येतं, पण चार फोटो हवेत. पहिला बरोबर वरून, फक्त ढाल आणि खांदे चौकटीत भरतील असा. दुसरा पंखाच्या मध्याचा, उजेड बाजूने. तिसरा डोक्याचा, बाजूने, चोच आहे की नाही ते कळण्यासाठी. चौथा मिशीचा, एक मिशी पूर्ण, अकरा खंड मोजता येतील असा. फ्लॅश थेट मारला तर चकाकीत कंगोरे गायब होतात. फ्लॅशपुढे पांढरा टिश्यू दुहेरी धरा. हे भुंगेरे चपळ नाहीत, पान हलवलं नाही तर बसून राहतात. सोसायटीच्या दिव्याखाली आलेला असेल तर डबीत घालून 5-7 मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सुस्त होतो, फोटो काढून झुडपात सोडून द्या. डबीत दोन-तीन एकत्र ठेवू नका. एकमेकांवर चढून कंगोरे फुटतात, रक्तद्रव पंखावर वाळतो आणि लव चिकटून जाळी दिसेनाशी होते.

परवानगी असेल आणि नमुना ठेवायचा असेल तर आधी ठरवा, कशासाठी. डीएनए हवा असेल तर थेट 95-96 टक्के अल्कोहोलमध्ये आणि थंडीत. पण अल्कोहोलमध्ये लाल-नारिंगी रंग उतरतो, म्हणून बुडवण्याआधी फोटो. कोरडा नमुना हवा असेल तर इथिल ॲसिटेटच्या बाटलीत कागदाचे तुकडे टाका आणि भुंगेरा कागदावर ठेवा, ओल्या कापसावर नाही. ओल लागली की लव कायमची चिकटते. टणक भुंगेऱ्यासारखी उजव्या पंखातून टाचणी घालू नका. पंख मऊ, टाचणी फिरते आणि भोक वाढत जातं, शिवाय नेमके कंगोरे तुटतात. त्रिकोणी कार्डाच्या टोकाला पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने उजव्या बाजूने चिकटवा, म्हणजे पोट मोकळं राहतं आणि कॉक्सा दिसतात. वाळताना पंख वर वळतात. पहिले 4-5 दिवस दोन्ही बाजूंनी कागदाच्या पट्टीचा आधार द्या.

ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेल ठेवा, निळं गुलाबी झालं की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळं करा. डांबरगोळीने किडे येत नाहीत, पण बुरशी थांबत नाही. लोक एक ठेवतात आणि दुसऱ्याचीही सोय झाली असं धरतात.

जातीपर्यंत जायचं असेल तर नराचं जननांग काढण्याला पर्याय नाही. कोरडा नमुना आधी कोमट पाण्यात 15-20 मिनिटं मऊ करा. उदर वक्षापासून चिमट्याने अलगद सोडवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं 10 टक्के द्रावण, म्हणजे 10 ग्रॅम घेऊन पाण्याने 100 मिलिलिटरपर्यंत भरलेलं. हातमोजे आणि चष्मा घालून. उदर त्यात टाकून भांडं गरम पाण्यात ठेवलं तर लायसिडीला 10 ते 15 मिनिटं पुरतात. थंड ठेवलं तर काही तास. उकळू नका. अंग मऊ असल्यामुळे इतर भुंगेऱ्यांच्या सवयीने वेळ लावला की आतली पिशवी चुरगळते, आणि कॉटायरिसमध्ये जाती वेगळ्या करणारे काटे त्याच पिशवीत असतात. स्नायू पारदर्शक दिसायला लागले की बाहेर काढा, पाण्यात दोनदा धुवा, मग व्हिनेगरचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात मिनिटभर. त्यानंतर ग्लिसरिन. मेट्रिओरिंकिनीत मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंचे पॅरामीअर नसतात, डिक्टिऑप्टेरिनीत असतात. ते दिसले नाहीत म्हणजे तुटले असा समज करून घेऊ नका. चित्र तीन बाजूंनी काढा: वरून, खालून आणि कडेने, नळीचा बाक फक्त कडेनेच कळतो. शेवटी भाग ग्लिसरिनच्या बारीक कुपीत घालून त्याच टाचणीवर, त्याच नमुन्याखाली. वेगळ्या डबीत ठेवलेलं जननांग सहा महिन्यांत अनाथ होतं, आणि मग नमुनाही निकामी.

लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कशावर सापडला, कोणी पकडला. ‘ठाणे’ एवढंच लिहिलेलं लेबल काही कामाचं नाही. खाडीकाठही ठाणेच आणि येऊरचा माथाही ठाणेच. तुलनेसाठी नमुने बघायचे असतील तर मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाकडे आणि पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या विभागीय केंद्राकडे आगाऊ विचारणा करता येते. जाताना कप्प्यांचा आणि कंगोऱ्यांचा आकडा लिहून न्या. ‘नारिंगी, टोक काळं’ एवढ्यावर कोणीही पेटी उघडून देऊ शकणार नाही.

आता तुमचा भुंगेरा. दुसऱ्या फोटोत डाव्या पंखावर, खांद्याजवळ, चार जाड कंगोरे दिसतात. त्यांच्यामधे बारीक दुय्यम आहेत की नाहीत ते उजेड समोरून असल्यामुळे ठरवता येत नाही. ढालीवर मधला शंकरपाळीसारखा कप्पा आहे, बाजूचे धूसर. म्हणजे मेट्रिओरिंकिनीपैकी असावा, आणि दुय्यम कंगोरे निघाले तर कॉटायरिस, नाहीत तर झायलोबॅनस. आज नोंद करताना ‘लायसिडी, मेट्रिओरिंकिनी, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा आणि ॲपची तिन्ही नावं काढून टाका. त्याच वाटेवर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, सकाळी उन्हं तिरपी असताना. तेव्हा बाजूच्या उजेडासाठी टॉर्चचीही गरज पडणार नाही.